शोध अडतो कोठे? आमच्याच दुकानात!

सरकारी प्रयोगशाळांत लागलेले शोध कारखान्यापर्यंत पोहोचत नाहीत, ही तक्रार आपल्या देशात फार जुनी आहे. शास्त्रज्ञ म्हणतात, कारखानदार धाडस करत नाही. कारखानदार म्हणतो, प्रयोगशाळेतला शोध कागदावर छान दिसतो आणि यंत्रावर बसत नाही. सरकार म्हणते, आम्ही योजना आणली, लोकच लाभ घेत नाहीत. तिघांच्या या भांडणात चौथ्याचे नाव कोणी घेत नाही. तो चौथा म्हणजे व्यापारी. आम्ही तीस वर्षांपासून सटाण्यात कापडाचा व्यापार करतो. म्हणून या चौथ्याची बाजू, आणि खरे सांगायचे तर त्याची चूक, आज व्यापारी व कारागीर बांधवांपुढे मांडत आहोत.

आमचा धंदा साधा आहे. मालेगावहून ग्रे ताके घ्यायचे, पाली-बालोतऱ्याला रंगवायला पाठवायचे आणि परकर, अस्तर, पॉपलीन म्हणून बागलाण, कळवण, साक्रीच्या दुकानदारांना द्यायचे. शिक्षण उर्दू शाळेत झाले, हिशेब आणि मराठी बाजारात शिकलो. विज्ञानाशी आमचा संबंध दहावीच्या परीक्षेपुरता. तरीही एका शोधाने आम्हाला चांगलाच धडा शिकवला.

मालेगावात आमच्या मावसभावाचे सोळा सादे माग आहेत. २०१७ साली केंद्र सरकारने यंत्रमागधारकांसाठी ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजना आणली. जुना सादा माग भंगारात न घालता त्याच जागी सुधारायचा आणि खर्चातला वाटा सरकारने द्यायचा, हा तिचा एक भाग होता. ताण्याचा धागा तुटताच माग थांबवणारी जोडणी, बाण्यासाठी तशीच जोडणी, भीमवरचा ताणा सारख्या ताणाने सोडणारी रचना, असे भाग त्यात होते. यातले मूळ शोध नवे नाहीत. परंतु साध्या मागावर ते बसवून देण्याच्या कामात सरकारी यंत्रमाग सेवा केंद्रे होती, आणि अशी बरीच केंद्रे वस्त्र संशोधन संस्था चालवत होत्या. म्हणजे प्रयोगशाळेचा हात मागाच्या खोलीपर्यंत पोहोचला होता. मावसभावाने सोळापैकी चार मागांना ताण्याची जोडणी बसवून घेतली.

२०१८ च्या ईदनंतर आम्ही त्यांच्याकडे गेलो. पाहतो तर चारपैकी दोन मागांवरच्या ड्रॉप पिना सुतळीने बांधून टाकलेल्या! ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ताण्याच्या प्रत्येक तारेवर पोलादाची एक पातळ पट्टी लोंबकळत असते. तार तुटली की पट्टी खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. ही सोय नसेल तर तार तुटलेलीच राहते, माग चालत राहतो आणि विणकराचे लक्ष जाईपर्यंत कापडात लांबच लांब फट पडत जाते. एक विणकर सहा-आठ माग पाहतो, त्याची नजर सगळीकडे एकाच वेळी कशी जाणार?

तेथे एक वयस्कर विणकर होते. आम्ही विचारले, “चाचा, सरकारने दिलेली चांगली वस्तू बांधून का ठेवली?”

ते म्हणाले, “सेठ, सूत हलके आहे. घडीघडीला तार तुटते. पूर्वी माग चालत राहायचा, मी फेरी मारत येऊन तार जोडायचो. आता तार तुटली की माग थांबतो आणि माग थांबला की माझी मजुरी थांबते.”

मजुरी मीटरवर असते, तासावर नसते. चाचांचे म्हणणे आम्हाला तेथेच पटले. मग मावसभावाकडे वळलो. त्यांनी शांतपणे विचारले, “भाईजान, डॅमेज कमी झाले, हे तुम्हीच मागच्या खेपेला बोललात. मग त्या ताक्यांना तुम्ही भाव किती जास्त दिला?”

आम्ही गप्प राहिलो. घरी येऊन वही उघडली. चार मागांचा माल आणि बारा मागांचा माल एकाच भावाने घेतलेला. रंगून आल्यावर ज्या ताक्यात फट निघाली त्याची कटती आम्ही न विसरता लावली होती. चांगल्या ताक्याला जादा पैसा मात्र वहीच्या एकाही पानावर नव्हता. शोधाचा फायदा आमच्या गल्ल्यात पडत होता आणि त्याची किंमत चाचा आपल्या मजुरीतून भरत होते. अशा सौद्यात पिना बांधल्या जाणारच.

पैसे मोजणारा असला तर

त्या दिवसापासून या विषयावर जे मिळेल ते वाचण्याचा छंद लागला. जसजसे वाचत गेलो तसतशी एक गोष्ट स्पष्ट झाली. जेथे शोधाने तयार झालेल्या मालाला कोणी तरी पैसे मोजायला उभा होता, तेथे शोध चालला. जेथे तसा कोणी नव्हता, तेथे उत्तम शोधही पडून राहिला.

आपल्या देशात सोयींची उणीव नाही. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद १९४२ साली स्थापन झाली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली उभी राहिली. सरकारी प्रयोगशाळांतले शोध परवाना देऊन उद्योगांना द्यावेत यासाठी १९५३ सालीच राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ काढण्यात आले. आमच्या कापडाच्या क्षेत्रात तर माटुंग्याची कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळा १९२४ पासून आहे.

आणि शोध चालल्याची उदाहरणेही आहेत. म्हशीच्या दुधापासून लहान मुलांचे पावडरचे अन्न होऊ शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत होते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने ते करून दाखवले. आणंदच्या सहकारी दूध संघाने ती पद्धत उचलली आणि अमूलचा डबा घराघरात गेला. तेथे दूध होते, विकणारी फळी होती आणि महागडा परदेशी डबा घेणारी गिऱ्हाईकेही आधीपासून होती.

दुसरे उदाहरण स्वराज ट्रॅक्टरचे. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत तयार झाला. १९७४ पासून पंजाब ट्रॅक्टर्सच्या मोहालीच्या कारखान्यात तो बनू लागला. आराखड्याबरोबर त्यावर काम केलेले अभियंतेही कारखान्यात गेले, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. कागद बोलत नाही, माणूस बोलतो. आणि गहू पिकवणाऱ्या पंजाबात ट्रॅक्टरला गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. पुढे २००७ साली आपल्या महाराष्ट्रातील महिंद्राने ती कंपनी ताब्यात घेतली.

कापडवाल्यांनी बाहेरच्या जगातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. नायलॉन-पॉलिएस्टर आल्यावर अमेरिकेत सुती कापड मागे पडू लागले, कारण ते चुरगळते. तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो या महिला शास्त्रज्ञ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुतावर रासायनिक प्रक्रिया करून चुरगळ कमी करणाऱ्या पद्धती विकसित केल्या. इस्त्रीचे कष्ट वाचवणाऱ्या शर्टाला गिऱ्हाईक जादा पैसे देत होते, म्हणून गिरण्यांनी त्या उचलल्या. दुसरी गोष्ट आपल्या रोजच्या वापरातल्या ओपन एंड सुताची. त्याचे कारखान्यात चालणारे पहिले मोठे यंत्र, बीडी-२००, हे चेकोस्लोव्हाकियातील उस्ती नाद ओर्लिसी येथील सरकारी कापूस संशोधन संस्थेच्या कामातून १९६७ साली बाहेर पडले. ते गाव आमच्या सटाण्यापेक्षाही लहान आहे! पण त्या यंत्राने सूत स्वस्त आणि झपाट्याने निघत होते. गिरणीला पहिल्या महिन्यापासून फरक दिसला आणि जपानसारख्या देशानेही त्याचा परवाना घेतला.

तेच किरण, माल वेगळा

लांबचे कशाला, आमच्या जिल्ह्यातच याचा नमुना आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले. गामा किरणांची ठराविक मात्रा दिली की कांद्याला मोड येत नाही. कांद्याची एवढी मोठी बाजारपेठ, शेजारीच केंद्र, मग रांगा लागायला हव्या होत्या. तसे घडले नाही. बागलाणचा कोणताही कांदेवाला कारण सांगेल. कांदा काढणीनंतर थोड्या आठवड्यांतच तेथे न्यावा लागतो. वाहतूक, चढ-उतार, किरणांचा खर्च, सगळे शेतकऱ्याच्या अंगावर. किरणांनी मोड थांबतो, पण सड आणि वजनातली घट थांबत नाही, म्हणजे पुढे साठवणही चांगली लागते. आणि एवढे करून बाजार समितीत लिलावात उतरला तर त्या कांद्यासाठी वेगळी बोली नाही! शेतकऱ्याने आपली चाळ बरी मानली, यात त्याचे काय चुकले?

त्याच लासलगावच्या केंद्राचे नाव पुढे आंब्यामुळे गाजले. भारतीय आंब्यातून किडी येऊ नयेत म्हणून अमेरिकेने विकिरणाची अट घातली आणि २००७ साली आपला आंबा किरणे घेऊन तिकडे रवाना झाला. यंत्र तेच, किरण तेच, गावही तेच. फरक एवढाच की आंबा घेणारा म्हणाला, ‘किरणे दिलेला असेल तरच घेईन, आणि त्याचे दाम देईन.’ कांदा घेणारा असे कधी म्हणाला नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने भाभा केंद्राच्या मदतीने कांद्यावर पुन्हा प्रयोग हाती घेतला. विज्ञान एकवीस वर्षांपूर्वीच तयार होते. वाट पाहिली जात होती ती भाव देणाऱ्याची.

रंगाचेही तसेच झाले. काही अॅझो रंगांतून कर्करोगास कारण ठरणारे घटक निघू शकतात, हे शास्त्रज्ञ आधीपासून सांगत होते. १९९४ साली जर्मनीने असे रंग वापरलेल्या मालावर बंदीचा कायदा केला, तेव्हा कोठे आपल्याकडे निर्यातवाल्यांची धावपळ उडाली. आपल्या सरकारने १९९७ साली असे रंग प्रतिबंधित केले. जे काम शास्त्रज्ञांच्या सांगण्याने झाले नाही, ते गिऱ्हाइकाच्या एका अटीने झाले.

प्रयोगशाळेचा पत्ता

याचा अर्थ प्रयोगशाळांची काहीच चूक नाही, असा नाही. कापडाच्या संशोधन संस्था कोणासाठी उभ्या राहिल्या ते पाहा. अहमदाबादची अटिरा १९४७ ची, वरळीची सस्मिरा १९५० ची, घाटकोपरची बीटीआरए १९५४ ची, कोइमतूरची सिट्रा १९५६ ची. गिरणीमालक आणि सरकार यांनी मिळून त्या चालवल्या. गिरणीत अभियंते होते, प्रयोगाला वेगळे यंत्र होते, नुकसान सोसायची ताकद होती. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर गेले. गिरण्यांतून निघालेले जुने मागही आमच्याकडे आले. पण संशोधनाचा पत्ता तोच राहिला. कापडाने घर बदलले, टपाल मात्र जुन्याच पत्त्यावर जात राहिले.

काही वर्षांपूर्वी आम्ही कापडाचे तुकडे घेऊन मुंबईच्या एका संस्थेत गेलो होतो. रंग धुण्यात का उतरतो, एवढेच विचारायचे होते. नाव घेत नाही, कारण तेथील माणसे वाईट नव्हती. परंतु पहिला प्रश्न आला, “कोणत्या मिलकडून आलात?” अर्ज इंग्रजीत, अहवाल इंग्रजीत. तपासणी बिनचूक झाली असेल, पण तो कागद हातात घेऊन आम्ही बालोतऱ्याच्या रंगवाल्याला काय सांगणार होतो? मालेगाव-भिवंडीत मराठी आणि उर्दू वाचणारे हजारो कारागीर आहेत. त्यांच्या भाषेत चार पानांची पुस्तिका काढणे हे काही अणुविज्ञान नाही.

कायद्याबद्दलही बोलले जाते. अमेरिकेने १९८० साली कायदा करून सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचे हक्क विद्यापीठांना व लहान उद्योगांना ठेवू दिले. आपल्याकडे २००८ साली तशाच धर्तीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले आणि २०१४ साली मागे घेण्यात आले. कायदा हवा की नको यावर विद्वानांनी वाद घालावा. आमच्या मते पिना सुतळीने बांधणाऱ्या चाचांना त्या कायद्याने काहीच फरक पडला नसता.

आम्ही काय करून पाहिले

दुसऱ्याला उपदेश करण्याआधी स्वतःचा हिशेब सांगणे बरे. २०१९ च्या सुरुवातीला आम्ही मावसभावाशी बोली केली. ज्या मागाची जोडणी चालू असेल आणि ज्या ताक्यात लांब फट नसेल, त्या ताक्याला मीटरमागे तीस पैसे जादा. अट एकच, त्यातले निम्मे विणकराच्या हातात पडले पाहिजेत. आणि सूत थोडे बरे वापरायचे, कारण हलक्या सुतावर ही जोडणी म्हणजे शिक्षाच आहे.

पहिले तीन महिने आम्हाला तोटा झाला. साक्रीच्या दोन दुकानदारांनी सांगितले, “भाई, अस्तराच्या कापडात तार कोण मोजतो?” त्यांनी आमचा माल सोडला. पण रंगून येणाऱ्या मालात सेकंड निघणे कमी होत गेले. पूर्वी सेकंडचा ढीग वर्षाअखेरीस पडेल त्या भावाने काढावा लागे. तो ढीग अर्ध्यावर आला. शाळेचे गणवेश शिवणारा एक शिंपी स्वतःहून आला आणि म्हणाला, “हाच माल द्या, कापताना वाया जात नाही.” पुढे २०२० मध्ये टाळेबंदी लागली, माग बंद पडले आणि आमची बोलीही बंद पडली. सगळे सुरळीत झाल्यावर आम्ही ती पुन्हा सुरू केली. आज मावसभावाच्या सोळापैकी अकरा मागांवर जोडणी बसलेली आहे. नंतरच्या सात मागांना त्यांनी ती स्वतःच्या पैशाने बसवली, योजनेची वाट पाहिली नाही. चाचा आता काम करत नाहीत, त्यांचा मुलगा करतो. पिना मोकळ्या आहेत.

हे काही मोठे यश नाही. पाच माग अजून तसेच आहेत आणि बाजारात हलक्या मालाचीच चलती आहे. परंतु जे काम अनुदानाने झाले नाही, ते तीस पैशांनी पुढे सरकले, एवढे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आता पुढे

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. सरकारला शोध खरोखर लहान उद्योगात न्यायचा असेल तर यंत्राच्या अनुदानाबरोबर प्रयोगाच्या काळातील मजुरीचाही विचार करावा. नवी जोडणी शिकताना पहिले दोन-तीन महिने उत्पादन घटते. गिरणी ती घट सोसत होती, आठ मागांचा मालक सोसू शकत नाही. संशोधन संस्थांनी नवा शोध आधी भाड्याच्या शेडमधल्या जुन्या मागावर, हलक्या सुतावर आणि जाणाऱ्या-येणाऱ्या विजेवर चालवून पाहावा. स्वराजबरोबर अभियंते गेले, तसा शोधाबरोबर एक माणूस सहा महिने मालेगावात राहावा. तो मिस्त्री आणि जॉबर यांना शिकवेल, कारण माग बिघडल्यावर मालक त्यांनाच हाक मारतो, शास्त्रज्ञाला नाही.

मागधारक बांधवांनी एकेकट्याने परवान्याचा आणि तपासणीचा विचार करू नये. दहा जणांनी मिळून जावे. आणंदला दूध संघ नसता तर म्हैसूरचा शोध म्हैसूरलाच राहिला असता. आपली पदवीधर, अभियंता झालेली मुले नोकरीच्या शोधात पुणे-मुंबईला फिरत आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला प्रयोगशाळा आणि मोहल्ला यांच्यामधला दुवा म्हणून उभे केले तर त्याचीही रोजी चालेल आणि आपलीही.

पण सर्वात आधी व्यापारी बांधवांनो, आपण आपली वही उघडू या. खोट काढून कटती लावणे आपल्याला बापजाद्यांपासून येते. हुनराला जादा दाम लावणे आपण शिकलोच नाही. ज्या दिवशी आपल्या वहीत चांगल्या मालाचे वेगळे पान असेल, त्या दिवशी प्रयोगशाळेतला शोध स्वतःच्या पायांनी चालत मागाच्या खोलीत येईल. तोपर्यंत योजना येतील आणि जातील, अनुदाने वाटली जातील, छायाचित्रे छापून येतील, आणि मागावरच्या पिना सुतळीने बांधलेल्याच राहतील.

त्या गाठी विणकराने मारल्या असतील, पण सुतळी आमच्याच दुकानातून गेली होती.